नांगराची निशाणी

चोरी झाली की गावच्या राखणदाराने, म्हणजे जागल्याने, माग काढायचा. खानदेशात हा जागल्या बहुधा भिल्ल असे. पावलं शेजारच्या शिवेत शिरली की माग त्या गावच्या हवाली होई आणि पुढचा शोध त्यांच्या गळ्यात पडे. आपल्याच शिवारात माग हरवला तर मात्र भरपाईचा तगादा गावामागे, आणि गावातही सगळ्यात आधी पाटलामागे.

सिनेमातला फेटेवाला, मिशीवर ताव देणारा पाटील डोक्यात ठेवून वतनाची जुनी कागदपत्रं वाचायला घेतली, तर हा जाच आधी दिसतो. पाटलाने ओसाड जमिनीवर कुळं बसवायची, वसुलाची हमी द्यायची, शिवेच्या तंट्यात गोताबरोबर बसायचं. वसूल थकला तर ओलीस जायचं तेही त्यानेच. महजरावर, म्हणजे गोताच्या निवाड्याच्या कागदावर, सहीच्या जागी तो नांगर काढी. त्या निशाणीने गावचा शब्द बांधला जाई.

मोबदल्यात इनाम जमीन, हक्क आणि मानपान. पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा, होळीची पहिली पोळी पाटलाची. पाटीलकी दोन घरांत वाटली गेली, की या पहिलेपणावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. कामापेक्षा मानासाठीच अधिक कागद खर्ची पडले असावेत, अशी शंका येते. त्र्यंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले. त्यांच्या ‘गाव-गाडा’त (1915) वतनदारांची ही दुनिया बारकाव्यांसह येते, आणि गावच्या गरिबाला तिची किती झळ बसे तेही. धुळ्यात 1926 अखेर वारलेल्या वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जे दप्तर गोळा केलं, त्यातही वतनाचे निवाडे भरपूर. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून धुळ्यात आहे.

राज्यकर्त्यांचा वतनदारांवर भरवसा बेताचाच. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरचं राजनीतीचं ‘आज्ञापत्र’ वतनदारांना धाकटे राजेच समजतं: मान राखा, पण डोईजड होऊ देऊ नका.

इंग्रज 1818 मध्ये खानदेशात आले. डोंगरातल्या भिल्ल नाईकांशी नुसतं लढून भागत नव्हतं. मग नाईकांना तनखे देऊन त्यांच्यावर, गावच्या जागल्यासारखीच, घाटवाटांच्या राखणीची जबाबदारी टाकली गेली. 1825 मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. खाज्या नाईक असाच सेंधवा घाटाचा राखणदार. एका संशयिताच्या मृत्यूवरून सरकारने त्यालाच तुरुंगात घातलं. पुढे 1857 मध्ये तो उठावात उतरला आणि ज्या मुलखाची राखण केली, त्याच मुलखात इंग्रजांना भारी पडला. त्याची इंग्रजांशी अंबापाणीला झालेली लढाई 11 एप्रिल 1858 ची.

इकडे गावच्या पाटलाचं कामही मग कायद्याच्या कलमांत गेलं: मुंबई ग्राम पोलीस कायदा 1867 चा, वंशपरंपरागत हुद्द्यांचा 1874 चा. एका घराण्यातल्या कोणी कधी चाकरी करायची, हे आता कलेक्टर कचेरी ठरवू लागली. गावचा हिशेब ठेवणाऱ्या कुलकर्ण्यांची वतनं 1951 मध्ये गेली. 1963 सुरू होताच मुलकी, म्हणजे महसुलाची, पाटीलकी संपली; दप्तर तलाठ्याकडे.

पोलीस पाटील तेवढा उरला, तोही वंशाने नव्हे. 1967 च्या अधिनियमानुसार प्रांताधिकारी त्याची नेमणूक करतात: गावचा रहिवासी, दहावी पास, वय 25 ते 45, लेखी परीक्षा, मुलाखत. त्यात राखीव जागा आहेत आणि बायकाही हे पद सांभाळतात. गुन्हा, संशयास्पद मृत्यू, गावात शिरलेला अनोळखी इसम यांची खबर ठाण्याला द्यायची. मानधनावर.