पुराव्याशिवाय वाक्य नाही

ब्राझीलच्या वायव्य टोकाला, वाउपेस नदीच्या खोऱ्यात, तारियाना भाषा अस्खलित बोलणारी जेमतेम शंभरेक माणसं उरली आहेत.

या भाषेत 'मुलगा मासे धरायला गेला' असं नुसतं म्हणताच येत नाही. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, की फक्त कानांनी टिपलंत? जाळं जागेवर नाही म्हणून ताडलंत, की रोज याच वेळी जातो म्हणून धरून चाललात? की कुणी सांगितलं? पाचांपैकी एक पर्याय निवडून तो काळासोबत व्याकरणातच सांगावा लागतो. मराठीत 'म्हणे' जोडायचं की नाही, ही आपली मर्जी. तिथे सक्ती आहे. अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात ही व्यवस्था बारकाईने नोंदवली आहे.

वाउपेसमध्ये स्वतःच्याच भाषेच्या माणसाशी लग्न करत नाहीत. मुलाची भाषा बापाची मानली जाते, आईची वेगळी असते, त्यामुळे चार-पाच भाषा येणं ही तिथली सहज गोष्ट. १९२० च्या दशकात आलेल्या सालेशियन या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांना मात्र हे मागासलेपण वाटलं. त्यांनी मुलांना निवासी शाळांत नेलं आणि अनेक भाषांऐवजी तुकानो या एकाच भाषेला पुढे केलं. तारियाना घराघरांतून हटली ती अशी. तिच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे.

२००२ मध्ये तिथल्या साओ गाब्रिएल दा काशोएइरा नगरपालिकेने तीन आदिवासी भाषांना पोर्तुगीजसोबत अधिकृत दर्जा दिला. त्यांत तुकानो होती, तारियाना नव्हती.