मंडपेश्वरच्या लेण्यांपासून फेटा चीजपर्यंत

युरोपची संस्कृती आणि अर्थकारण एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हटला की ‘ना धड हे, ना धड ते’ अशी शंका निघतेच. पण दहिसरजवळची मंडपेश्वरची लेणी पाहा. शैव लेण्यातच पोर्तुगिजांनी चर्च थाटले, वर इमारत चढवली. तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. केवळ धर्मप्रसार म्हणून हे उलगडत नाही. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे इथली गावे ‘फोरो’ या वार्षिक खंडावर दिली गेली. धर्मसंस्थांनाही गावांचे उत्पन्न मिळू लागले. कलेचा अभ्यासक भिंत वाचतो, अर्थशास्त्राचा अभ्यासक महसूल. खरी गोष्ट दोन्हींच्या मधे असते.

आजच्या युरोपातही तेच. ‘फेटा’ हे नाव ग्रीसचेच, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००५ मध्ये दिला. त्यात चराऊ कुरणे, खाद्यपरंपरा, कायदा आणि डेन्मार्क-जर्मनीच्या दुग्धव्यवसायाचे हितसंबंध असे सारे गुंतले होते. म्हणूनच अनेक युरोपीय विद्यापीठे मिळून ‘युरोकल्चर’ हा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम चालवतात. पुणे विद्यापीठही त्याचे भागीदार राहिले आहे.

राहिला खोलीचा आक्षेप. चार विषयांची नुसती तोंडओळख झाली, तर तो अगदी खरा ठरतो. मात्र प्रबंधासाठी एकच प्रश्न धरून त्याच्या मुळाशी जावे लागले, तर विद्यार्थ्याला मूळ भाषेतली कागदपत्रेही वाचावी लागतात आणि आकडेवारीही तपासावी लागते. अशा अभ्यासाला उथळ म्हणता येणार नाही.