गच्चीवरील कुंडीत कॉफीची चिकोरी

चेन्नई : फिल्टर कॉफी ही या शहराची ओळख. तिच्या गडद रंगात आणि किंचित कडवट चवीत चिकोरीचा मोठा वाटा असतो. नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजेच चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. सूर्यफुलाच्या कुळातील, निळ्या फुलांच्या 'कासनी' या वनस्पतीची मुळे वाळवून, भाजून व दळून ही पूड तयार होते. तिच्यात कॅफिन नसते.

भारतात चिकोरीचे पीक प्रामुख्याने गुजरात व उत्तर प्रदेशात रब्बी हंगामात घेतले जाते, कारण तिला थंड हवा मानवते. चेन्नईत मात्र जानेवारीतही रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. म्हणून पावसाचा जोर ओसरल्यावर, डिसेंबरच्या मध्यास पेरणी करावी.

मूळ सरळ खोल जात असल्याने कुंडी किमान ४० सेंटिमीटर खोल असावी. भुसभुशीत माती, वाळू, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. ताज्या शेणखताने मुळांना फाटे फुटतात. बी अर्धा सेंटिमीटर खोल, थेट कुंडीतच पेरावे. रोप उपटून लावल्यास मुळाला इजा होते. उगवणीनंतर विरळणी करून दोन रोपांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. माती ओलसर असावी, पण पाणी साचू देऊ नये. फेब्रुवारीनंतर दुपारी सावली करावी.

सुमारे दोन महिन्यांनी बाहेरची कोवळी पाने खुडून कोशिंबिरीत वापरता येतात. ऊन वाढले की ती अधिक कडू होतात. मुळे भरण्यास चार ते पाच महिने लागतात. मेच्या प्रारंभी येथे 'अग्नी नक्षत्रम'चा कडक उन्हाळा सुरू होतो. त्यापूर्वीच मुळे काढावीत. फुलांचा दांडा आधी दिसू लागल्यास थांबू नये, कारण त्यानंतर मुळे चिवट होतात. मुळे धुऊन, चकत्या करून वाळवाव्यात व मंद आचेवर गडद तपकिरी होईपर्यंत भाजाव्यात.

ताज्या मुळात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असल्याने पूड थोडीच मिळते. चार कुंड्यांतून घराची वर्षाची गरज भागणार नाही. चेन्नईच्या हवेत पाने हाच खात्रीचा लाभ. सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना चिकोरी घेऊ नये.