फोन काढून घेण्याआधी

पोट दुखतं, झोप लागत नाही, शाळा नको. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. अशा तक्रारींमागे कधी कधी मोबाइलवरची धमकी निघते. गेम खेळताना ओळख झालेला कुणी मुलाकडून फोटो मागवून घेतो आणि तो नातेवाइकांना पाठवण्याची भीती घालून पैसे मागतो. मूल घरी सांगत नाही, कारण ‘फोन काढून घेईन’ हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. ‘काहीही झालं तरी सांग, फोन काढून घेणार नाही’ असं आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावं. पाळावंही, अवघड तेच असतं.

धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८. त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नये.