घोड्याचा डोळा वाचवताना: दीडशे वर्षांचा मागोवा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा दात बघतो, भोवरे बघतो आणि दोन्ही डोळे नीट न्याहाळतो. बुबुळावर पांढरं फूल दिसलं की भाव उतरलाच. त्या फुलामागे बऱ्याचदा साधी इजा असते: कडब्याचं धसकट, बाभळीचा काटा, तबेल्यातला खिळा. घोड्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी आहेत आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आहेत. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि मारही तिथेच बसतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा.

ही इजा नेमकी दिसू लागली ती एका रंगामुळे. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसिन तयार केलं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत डोळ्याच्या डॉक्टरांनी ते कॉर्नियावर वापरून पाहिलं. वरचा थर खरवडला असेल तिथे हिरवा डाग धरतो. त्याच सुमारास मुंबईत ट्रामही घोडेच ओढत होते, आणि १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आजही दुखऱ्या डोळ्याची पहिली तपासणी या रंगानेच होते. मात्र तो वाचायला नजर लागते. जखम फार खोल गेली की कडा हिरव्या राहतात आणि मधला तळ स्वच्छ, काळसर दिसतो. अननुभवी माणसाला वाटतं, मधून भरत आलंय. खरं तर तिथे शेवटचा पातळ पापुद्रा तेवढा उरलेला असतो आणि डोळा फुटण्याच्या बेतात असतो.

पण तपासायचं तर आधी पापणी उघडायला हवी. दुखऱ्या डोळ्याची पापणी घोडा इतक्या ताकदीने मिटतो की जोर लावला तर जखमी डोळाच दाबला जायचा. पूर्वी वरचा ओठ दोरीत पिळून त्याला उभं करत. १९६२ साली झायलाझिन हे औषध तयार झालं आणि पुढे गुंगीचं इंजेक्शन, त्याला जोडून पापणीची हालचाल थांबवणारं भुलीचं इंजेक्शन, ही तपासणीची रीत झाली.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल एका बारीक सिलिकॉनच्या नळीने घडवला. गेल्या अर्धशतकात ती रूढ झाली. नळी पापणीतून आत घालतात, कपाळावरून आयाळीत गुंफतात आणि औषध मानेजवळच्या टोकातून सोडतात. त्याआधी दर दोन तासांनी थेंब घालायचे म्हणजे रोजची कुस्ती. तिसऱ्या दिवशी घोडा हात दिसला तरी मान उडवायचा, मोतद्दार थकायचा, आणि औषध चांगलं असूनही डोळा जायचा.

दर दोन तासांची घाई का, तर संसर्ग झालेल्या जखमेत कॉर्निया विरघळवणारी विकरं तयार होतात. एका रात्रीत तो जेलीसारखा लिबलिबीत होऊ शकतो. त्यावर घोड्याच्याच रक्तातून वेगळं काढलेलं सीरम थेंबांनी घालतात. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, पण महाग नाही, आणि मला हा उपचार फार मोलाचा वाटतो. दुसरा शत्रू बुरशी. काडीकचऱ्याने झालेल्या जखमेत, विशेषतः दमट हवेत, ॲस्परजिलस आणि फ्युझेरियम या बुरशा शिरतात. १९५० च्या दशकात सापडलेलं नाटामायसिन इथे उपयोगी पडतं. अशा जखमेवर स्टिरॉइडचा मलम म्हणजे घातच. दुकानात सहज मिळालेली आणि आधीच्या आजारातून घरात उरलेली ट्यूब ‘डोळ्याचीच आहे’ म्हणून लावणं थांबलं पाहिजे, हे मी जमेल तिथे सांगत आलो आहे.

रोजची देखरेख मात्र तबेल्यातल्या माणसाचीच. निरोगी घोड्याच्या वरच्या पापण्यांचे केस जवळपास आडवे, बाहेरच्या बाजूला असतात. डोळा दुखत असेल तर ते खाली झुकतात. पाणी गळणं वाढलं, बुबुळावर निळसर धुरकटपणा पसरला, तर डॉक्टरला बोलवायचं. वरवरची जखम आठवड्याभरात भरायला हवी. नाही भरली तर नुसतं औषध वाढवून चालत नाही, कारण शोधावं लागतं. बाहुली मोठी करून वेदना कमी करणाऱ्या ॲट्रोपिनने आतड्यांची हालचालही मंदावते, म्हणून डोळ्याच्या उपचारात लीद मोजणं आणि पोटाचे आवाज ऐकणंही येतं. ॲट्रोपिन घालूनही बाहुली उघडेना, तर डोळ्याच्या आत दाह अजून शिल्लक आहे असं समजायचं. आता मोबाइलवर रोज त्याच कोनातून, त्याच उजेडात फोटो काढून ठेवता येतो, आणि कालच्यापेक्षा डाग वाढला की घटला यावर वाद उरत नाही.

तरीही काही डोळे काढावे लागतात. २०१७ च्या केंटकी डर्बीत पॅच नावाचा घोडा डाव्या डोळ्याविना धावला. त्याला विसावं, सर्वांत बाहेरचं फाटक मिळालं होतं, म्हणजे बाकीचे सगळे घोडे त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला. तो चौदावा आला, आणि त्यानंतर बेल्मॉन्ट स्टेक्समध्ये तिसरा. अशा घोड्याच्या आंधळ्या बाजूने जाताना आधी आवाज द्यायचा असतो, आणि उरलेल्या डोळ्यावर माशांपासून वाचवणारी जाळी विसरायची नसते.