खानावळीचे दार उघडताना

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये हॉटेल-खानावळींत बसून जेवणे बंद झाले. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या ग्राहकांना बसवण्याची परवानगी मिळाली. आपले कितीतरी समाजबांधव तेथे भांडी घासतात, पोळ्या लाटतात. काहींच्या स्वतःच्या खानावळी आहेत. पुन्हा अशी साथ आली तर दार उघडण्यापूर्वी काय करावे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

टाकीत साचलेले पाणी सोडून टाकी घासावी. गॅसची नळी तपासून घ्यावी. किडलेले पीठ, खवट तेल फेकून द्यावे. करोना मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो. म्हणून नुसती टेबले पुसून भागत नाही. खिडक्या उघड्या व हवा बाहेर फेकणारा पंखा चालू हवा. साबणाने २० सेकंद हात धुवावेत.

सर्वांत मोठा उपाय म्हणजे आजारी कामगाराला पगारी रजा. रोज बुडेल या धास्तीने तो ताप लपवतो आणि आजार साऱ्यांना लागतो.

अंतर ठेवायचे ते रोगापासून, माणसापासून नव्हे! कपबशी प्रत्येकाचीच स्वच्छ धुवावी. कुणा एकाची वेगळी ठेवू नये. ती वेगळी कपबशी आपल्या वाडवडिलांनी सोसली आहे. सार्वजनिक उपाहारगृहात जातीवरून मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचे कलम १५ बजावते. स्वच्छतेचे नाव घेऊन जुना विटाळ पुन्हा आत शिरता कामा नये.