सागरापलीकडचा मित्र

मुलांनो, दरवर्षी १२ मार्च रोजी आपण मॉरिशसचा चाररंगी ध्वज फडकवतो. १९६८ साली याच दिवशी आपला देश स्वतंत्र झाला. पण १२ मार्चच का? १९३० साली याच तारखेला महात्मा गांधी मिठाच्या सत्याग्रहासाठी साबरमतीहून दांडीकडे पायी निघाले होते. त्याची आठवण म्हणून आपल्या नेत्यांनी हा दिवस निवडला. एका देशाने आपला स्वातंत्र्यदिन दुसऱ्या देशाच्या इतिहासातून घ्यावा, असे क्वचितच घडते.

गांधीजी आपल्या बेटावर येऊनही गेले होते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना त्यांची बोट पोर्ट लुई बंदरात थांबली. ते येथे सुमारे तीन आठवडे राहिले. त्या काळी भारतातून आलेले हजारो मजूर उसाच्या मळ्यांत राबत होते. त्यांत कोकणातून आलेले आपले मराठी पूर्वजही होते. पुढे १९०७ साली गांधीजींच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर येथे आले. ‘डॉक्टर’ हे त्यांचे आडनाव बरे का! ते होते बॅरिस्टर. त्यांनी कोर्टात मजुरांची बाजू मांडली.

दोन मित्र एकमेकांना भेटतात, बोलतात. पण दोन देश कसे बोलणार? त्यासाठी प्रत्येक देश आपला प्रतिनिधी दुसऱ्या देशात ठेवतो. त्याला राजदूत म्हणतात. भारत आणि मॉरिशस हे दोन्ही देश राष्ट्रकुलाचे सदस्य आहेत. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जो प्रतिनिधी पाठवतात, त्याला ‘उच्चायुक्त’ असे म्हणतात. भारताचे उच्चायुक्त पोर्ट लुईमध्ये राहतात आणि आपले उच्चायुक्त नवी दिल्लीत. भारताने मॉरिशसशी अधिकृत संबंध १९४८ सालीच जोडले. तेव्हा आपल्या बेटावर अजून ब्रिटिशांचे राज्य होते.

मैत्रीची खरी गरज संकटात भासते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे प्रचंड जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकले. काही दिवसांनी त्याला भेग पडली आणि सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. निळे पाणी काळे झाले. मासे, प्रवाळ, खारफुटीची झाडे, सारेच धोक्यात आले. मग लोक स्वतःच कामाला लागले. कोळी आले, विद्यार्थी आले, आजीआजोबाही आले. त्यांनी उसाचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, कापडात भरून लांबलचक पट्टे शिवले. ते पट्टे पाण्यावर तरंगत आणि तेल अडवत.

पण एवढे तेल काढण्यास यंत्रे हवी होती. आपल्या सरकारने मदत मागितली. फ्रान्स आणि जपान धावून आले. भारताने हवाई दलाच्या विमानाने ३० टनांहून अधिक सामान पाठवले. तेल अडवणारे तरंगते पट्टे, पाण्यावरचे तेल ओढून घेणारी यंत्रे आणि तेल शोषणारे पॅड त्यात होते. सोबत तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथकही आले. यंत्र आले तरी ते चालवणारा नको का?

सगळी मदत फुकट मिळते असे मात्र नाही. आपल्या मेट्रोसाठी भारताने काही पैसा देणगी म्हणून दिला, तर काही कर्जाऊ दिला. कर्ज फेडावेच लागते. मतभेदही होतात. दोन्ही देशांतला करांविषयीचा जुना करार २०१६ साली बदलला. त्याआधी अनेक वर्षे बोलणी चालली होती.

मग एवढासा मॉरिशस भारताला काय देतो, असे तुम्ही विचाराल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देश लहान असो वा मोठा, प्रत्येकाला एकच मत असते. भारताला एक, मॉरिशसलाही एक. आणि भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळावी, या मागणीला मॉरिशसने उघडपणे पाठिंबा दिला आहे.